दारावरचे सूप

ज्याच्या अंगात सध्या ताप आहे, त्याने हे वाचायचा खटाटोप करू नये. त्याने डोळे मिटून पडावे. हे मी त्याच्या उशाशी बसलेल्या माणसासाठी लिहितो आहे. त्यातही, हा ताप आपणच घरात आणला असे ज्याला मनातून वाटत असते, त्याच्यासाठी. असा एक माणूस बहुतेक घरांत असतो. आमच्या घरात तो मी होतो.

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात तापाची जी साथ देशभर फिरली, ती आमच्या गोंदियालाही आली. कुणी तिला फ्लू म्हणत, कुणी नुसताच 'नया बुखार'. औषधाविषयी मी काही लिहिणार नाही. ते मला कळत नाही. मला सांगायचे आहे ते गावाविषयी. मी उभी हयात या गावाच्या वेशीवर बसून काढली, पण गाव म्हणून ते मला दिसले आडवा पडल्यावर. इतकी वर्षे दिसले नाही याची लाज वाटते, आणि शेवटी दिसले याचे नवल अजून ओसरलेले नाही.

*

मी नगरपालिकेच्या नाक्यावर मोहरीर आहे. गावात येणारा माल तपासून त्यावर चुंगी, म्हणजे जकात, घेणारा कारकून म्हणजे मोहरीर. माझ्या हातात परखी असते, पोत्यात खुपसून आतले धान बाहेर काढून पाहायची लोखंडी नळी. ती दिसली की गाडीवाले तोंड फिरवतात. चुंगी घेणाऱ्यावर कोण लोभ करणार? मलाही त्यांचा लोभ नको होता. मी पोत्यांकडे पाहायचो, माणसांकडे नाही.

साथ आल्याची खबर पक्की झाली तसे सेक्रेटरीसाहेबांनी आम्हा मोहरीरांना बोलावले आणि प्रत्येकाच्या हातात थर्मामीटर दिले. नाक्यावरून येणाऱ्याच्या कपाळाला हात लावायचा, खोकला-कणकण विचारायची, शंका आली तर थर्मामीटर लावायचे. चुंगी त्यानंतर. बालाघाटकडून येणारा एक भाजीवाला पहिल्याच सकाळी टोपली उतरवून म्हणाला, "क्या मोहरीरबाबू, अब आदमी पे भी चुंगी?"

मी म्हणालो, "आदमी पे नहीं, बुखार पे."

"तो अपने पास माल नहीं है," असे म्हणून त्याने सगळ्या रांगेला दिसेल अशी जीभ काढून दाखवली. रांग हसली. माझ्या नाक्यावर लोक हसल्याचे मला तरी ते पहिलेच आठवते.

मग गाव बदलू लागले. बदलले म्हणजे नवे काही आणले नाही; होते तेच दुसऱ्या कामाला लावले. उन्हाळी सुट्टीमुळे शाळा रिकाम्या होत्या. तिथल्या पोरांच्या बसायच्या टाटपट्ट्या दुहेरी अंथरून तापाचा दवाखाना झाला, आणि सुट्टीवरचे गुरुजी तिथे हजर झाले. रस्त्यावर पाणी शिंपडणारी बैलगाडी होती. तिची टाकी चिंचेने आणि राखेने घासून तिच्यातून पिण्याचे पाणी घरोघर जाऊ लागले. आमच्या मोहल्ल्यात तेव्हा रॉकेलचे दिवे होते. दिवे लावणारा माणूस रोज संध्याकाळी प्रत्येक गल्लीत जातोच, म्हणून शिडीबरोबर त्याच्या खांद्याला औषधाच्या बाटल्यांची पिशवी आली. मोकाट गुरे कोंडायच्या जागेला आमच्याकडे हिंदीत कांजी हाऊस म्हणतात. तिथली गुरे सोडून दिली, जागा शेणाने सारवली आणि मोठ्या हंड्यांत पेज शिजायला लागली. तांदूळ गिरण्यांनी कनकी, म्हणजे तांदळाची कणी, दिली. पेज तयार झाली की एक गिरणी भोंगा वाजवी. कांजी म्हणजे पेजच; लोक म्हणत, कांजी हाऊस आज कुठे नावाला जागले.

माझे मूळ गाव सौंदडच्या पुढे, कोहळी वस्तीचे. आमच्या वाडवडिलांनी तलाव बांधले. पावसाळ्यात तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, भोक पडले की जो तो हाताशी येईल ते घेऊन धावतो. कुणी तणसाची पेंढी, कुणी पोते, कुणी दाराची फळी. असे करायला माणसे एका गावची, एकमेकांना ओळखणारी लागतात असा माझा समज होता. गोंदिया म्हणजे रेल्वेने आणून टाकलेल्या लोकांची पेठ. छत्तीसगढी, मारवाडी, पोवार, कोण कुठला. इथे पाळ फुटली तर जो तो आपली गाठोडी उचलेल, असे मी खुशाल बोलून दाखवत असे.

*

मला ताप कुणाकडून आला ते सांगता येत नाही. इतक्या कपाळांना हात लावला. एके दिवशी दुपारी उन्हात बसलेला असूनही मला थंडी वाजू लागली. पालिकेच्या दवाखान्यातले डॉक्टर नाक्यावर फेरीला आले होते. त्यांनी माझेच थर्मामीटर माझ्याच तोंडात घातले, पाहिले आणि हसून म्हणाले, "लो, आज नाके ने नाकेदार को पकड़ लिया." मग गंभीर होऊन त्यांनी विचारले, घरी बघायला कोणी आहे का. मी म्हणालो, आहे. शाळेत तेव्हा जागा नव्हती. ज्यांच्या घरी माणूस आहे त्यांनी घरीच राहावे, असे ठरलेले होते. मी घरी गेलो.

घरी माझी बायको गिरजा होती आणि मुलगी सुमन होती. सुमनचे सासर केशोरीचे. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले. आमचे घर म्हणजे एक खोली आणि पुढे ओसरी. मी ओसरीत खाट टाकली, मध्ये चादर बांधली, माझे ताट-तांब्या वेगळे केले. जे सांगितले होते ते सगळे केले. तरी दोन दिवसांनी सुमनचे डोळे लाल दिसू लागले, आणि संध्याकाळी गिरजा तिच्या कपाळावरचा हात काढून घेऊन नुसती माझ्याकडे पाहत उभी राहिली.

तिने मला एकच वाक्य ऐकवले, तेही नंतर, पाणी पाजता पाजता. "साऱ्या गावाचं तपासत होता नाक्यावर. आपलं काऊन नाई तपासलं?"

मी मुद्दाम काही केले नव्हते, नियम मोडला नव्हता, लपवले नव्हते. पण माझ्या पायांनी चालत तो ताप घरात आला, आणि जिच्या पोटात जीव होता तिच्या अंगावर गेला. मन हे एवढेच धरून बसते. वर तो ताप असा, की डोळे मिटले तरी हाडांत कुणी परखी खुपसून पाहते आहे असे वाटे.

पालिकेच्या दवाखान्यातली नर्सबाई तशी एकदा सुमनला पाहून गेली होती. तिने गिरजाला बाजूला घेऊन सांगितले की अशा दिवसांत हा ताप वाईट. कळा वेळेआधी सुरू होऊ शकतात. पोट दुखू लागले तर लगेच निरोप पाठवा. चादरीपलीकडून मी ते सगळे ऐकले.

*

त्याच सुमारास मुनादीवाला, म्हणजे दवंडी पिटणारा, गल्लीत आला. आधी हिंदीत, मग आमच्या बोलीत त्याने पुकारले की ज्याच्या घरी ताप आहे त्याने दाराला हिरवी डहाळी बांधावी. पाण्याची गाडी त्या दारात थांबेल, पाणी आणि पेज देईल, आणि काय हवे-नको विचारून दवाखान्यात कळवील.

केवढी सोयीची गोष्ट. गिरजा लगेच परसात गेली आणि डहाळी तोडून आणून तिने दाराच्या चौकटीला बांधली. डहाळी कडुनिंबाची होती. दुसरी कशाची तिला सुचलीच नाही. दाराला हिरवे बांधायचे म्हटले की आमच्याकडे हात निंबाकडे जातो. समोर राहणारे शिंपी, आमचे दर्जीकाका, यांनीही तोच बांधला होता. ते म्हातारे, एकटे, माझ्याच दिवशी आजारी पडलेले. साऱ्या मोहल्ल्यात ज्याच्या-ज्याच्या घरी ताप होता, त्याने निंबच बांधला.

आणि निंब दाराला कधी बांधतात हे या भागात लहान पोरालाही ठाऊक. घरात देवी निघाली, आमच्या बायका म्हणतात तशी 'माय आली', की निंब बांधतात. मग त्या घरात बाहेरचा माणूस जात नाही, बाहेरचे अन्न देत नाही, मोठ्याने बोलत नाही. माय रुसेल म्हणून.

घंटा वाजवत पाण्याची गाडी आली. गाडीवान मंगरू, छत्तीसगढकडचा, पण बोलायला आता पुरता आमच्यातला. गिरजा भांडे घेऊन दाराशी गेली. मंगरूने दुरूनच निंब पाहिला, बैल थांबवले, पायातले जोडे काढले, हात जोडले. तांब्याभर पाणी आमच्या उंबऱ्यासमोर मातीत ओतले, पुन्हा हात जोडले आणि गाडी पुढे नेली.

गिरजाला वाटले, आज पेज संपली असेल. पुढच्या वेळीही तेच. उंबऱ्यापुढे पाणी, नमस्कार, गाडी पुढे. शेजारच्या बाईने विहिरीचे पाणी आणून देणे बंद केले. दिवेवाला आमच्या गल्लीत दिवा लावून न बोलता निघून जाऊ लागला. गिरजा एकटी विहिरीवर जाई तर तिथल्या बायका बाजूला होत, आणि एकीने तर पदर पसरून तिच्याकडे कुंकू मागितले. ती गोंधळली. मी ग्लानीत होतो. सुमनचे ओठ फुटले होते, आणि ती मधूनच कमरेवर हात दाबून धरू लागली होती.

नर्सबाईला दोनदा निरोप पाठवला. ती आली नाही. मागून कळले, तिला लोकांनी सांगितले होते की मोहरीरच्या घरी देवी आहे. आणि देवीच्या घरातून उठून दुसऱ्या बाळंतिणीकडे कसे जायचे, हे तिला कळत नव्हते. तिचे काही चुकले असे मला वाटत नाही.

*

शेवटी खुलासा झाला तो भांडणातून. एके सकाळी गाडीची घंटा ऐकून गिरजा उंबऱ्याबाहेर जाऊन उभी राहिली. मंगरू जोडे काढत होता. मी खाटेवरून सगळे ऐकत होतो.

"कोनाच्या पाया पडून राहिला गा, मंगरू? पेज कुठं हाय माझी?"

मंगरू दबक्या आवाजात म्हणाला, "हळू बोल बाई. मातेच्या घरी बाहेरची पेज कशी देऊ?"

"कोनती माता? ताप हाय. साऱ्या गावाले हाय तोच."

"मग निंब काऊन बांधला?"

"मुनादीवाला म्हणून गेला ना, हिरवं बांधा म्हणून?"

मंगरूने निंबाकडे पुन्हा पाहिले. मग म्हणाला, "हिरवं म्हणला. निंब कुठं म्हणला? गावात दुसरं झाड नाई का?" आणि स्वतःच म्हणाला, "ह्या गल्लीत तर साऱ्यांनीच बांधला. अन् म्या पाया पडून राहिलो रोज."

मी आतून हाक मारून गिरजाला सांगितले, तो निंब आधी सोड. इथे मात्र ती अडून बसली. बांधलेला निंब आपल्या हाताने सोडत नसतात. नव्हती आली माय, ठीक. पण आता तिच्या नावाने निंब बांधला गेला, तो ओढून काढला आणि ती खरेच आली तर? "घरात दोन जीवांची पोर हाय," ती म्हणाली. "तुम्ही सांगाल आन् मी सोडीन?" मला राग आला. तो मी गिळला. आधीच एक ताप मी घरात आणला होता. दुसऱ्याची जोखीम तिच्या गळ्यात घालायचा मला काय अधिकार?

मंगरू बिचारा मध्येच अडकला. "सोडू नको, बाई. पन मले वळखू कसं येईल? रोज विचारत बसू का, माय आली का ताप आला?"

तेव्हा गिरजा आत आली. कोपऱ्यात सूप होते, तांदूळ निवडायला घेतलेले आणि तसेच पडलेले. त्यातले तांदूळ तिने ताटात रिकामे केले, सूप उचलले आणि बाहेर जाऊन दाराच्या खिळ्याला, निंबाच्या खाली, धाडकन टांगले.

"हे घे. सूप दिसलं का थांबाचं. दिसते का आता?"

"दिसते, बाई. हत्तीएवढं दिसते."

मग त्याने भांडे भरून पेज दिली. गिरजाने ती घेतली, पण आत यायच्या आधी समोर बोट दाखवून म्हणाली, "काकाच्या दारचा निंब पन तापाचाच हाय. जा, पाह्य आधी." मंगरू समोर गेला, आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

*

मला वाटले होते, गोष्ट आमच्या गल्लीपुरती राहील. पालिकेचा हुकूम एकदा निघाला की तो बदलायला सभा लागते, ठराव लागतो. मी त्याच कचेरीचा माणूस, मला ठाऊक होते. मंगरूने गाडी रिकामी करून कचेरीत जाऊन सांगितले. कुणी त्याला दरडावले नाही, कुणी विचारले नाही की एका बाईच्या खिळ्यावरून गावाचा कायदा करायचा का. दुसऱ्या दिवशी सकाळी मुनादी फिरली. निंब असला तरी राहू द्या, त्याला हात लावू नका. पण ज्याच्या घरी ताप आहे त्याने सूप टांगावे. ताप गेला की सूप काढावे. ज्याच्याकडे सूप नाही त्याला बुरड मोहल्ल्यातून मिळेल.

त्याच सकाळी नर्सबाई आली. पाण्याच्या गाडीवर मंगरूच्या शेजारी बसून, मांडीवर पेटी घेऊन. सुमनला तपासून ती म्हणाली, हिला आता हलवायचे नाही, बाळंतपण इथेच, आणि फार दिवस नाहीत. पण पुरुष माणसाला इथून हलवा. शाळेत आता जागा झाली होती. त्याच गाडीवर टाकीच्या मागे फळी टाकून मला आणि दर्जीकाकांना आडवे केले. निघताना सुमन चादरीपलीकडून "बाबा" एवढेच म्हणाली. मी म्हणालो, येतो गं. ती काय समजली कुणास ठाऊक.

त्या वाटेचे काय वर्णन करू? मी पाठीवर पडलेलो, बैलगाडी हळू चाललेली, आणि दोन्ही बाजूंची दारे माझ्या डोळ्यांसमोरून सरकत होती. दारादाराला सूप. जुनी, शेणाने लिंपलेली काळी सुपे. बुरडांकडून नुकतीच आणलेली पिवळी सुपे, त्यांच्यावर ऊन चमकत होते. हलवायाच्या दारी सूप, बिडी कारखानदाराच्या दोन मजली घराला सूप, हमालांच्या खोल्यांना ओळीने सुपे. मारवाड्याच्या कोरीव दरवाज्याला सूप, आणि त्याच्या वर सोनेरी अक्षरात लाभ-शुभ. ज्या घरांसमोर काल लोक जोडे काढून दुरून जात होते, तिथे आज कुणी पाणी ओतत होते, कुणी आत डोकावून विचारत होते. हे सगळे एका सकाळीत. मला रडू आले. तापात माणूस रडतो, पण ते तापाचे नव्हते. नाक्यावर बसून मी ज्याची पोती तेवढी पाहिली, त्या गावाने पाळीला पडलेल्या भोकाशी ज्याने त्याने हाताशी येईल ते घेऊन उभे राहावे, तसे केले होते. आणि हाताशी आले ते माझ्या घरचे सूप होते.

*

शाळेतले दिवस एकसारखे. मी टाटपट्टीवर भिंतीशी पडलो होतो. वर मुलांची अक्षरचित्रे टांगलेली. माझ्या डोक्यावर 'घ' घराचा. त्या चित्रातल्या घराचे दार बंद होते. तेच पाहत मी पडून राही.

गुरुजी सकाळी हजेरी घेत. त्यांना दुसरी तऱ्हा येत नव्हती. प्रत्येक नाव मोठ्याने घेत, आणि आम्ही मोठी माणसे पोरांसारखी "हजर" म्हणत असू. कुणाचा आवाज बारीक निघाला की गुरुजी त्याच्याजवळ आधी जात. मग काढा, अंग पुसणे, भोंगा, पेज. कोरड्या घशाखाली मिठाची पेज उतरते तेव्हा काय वाटते, ते ज्याने घेतली त्यालाच कळेल. मी तरी तेवढ्यापुरता सगळे विसरत असे.

दर्जीकाका माझ्या शेजारी होते. त्यांची छाती वाजत होती. निंबाच्या दिवसांत ते पाण्यावाचून पडून होते, हाकेच्या अंतरावर, आणि मी माझ्याच दुखण्यात होतो. शिवाय एक गोष्ट मला छळत होती. ताप येण्याच्या आदल्या दिवशी मी माझा खाकी कोट त्यांच्याकडे उसवलेली बाही शिवायला टाकला होता. एका दुपारी मी ते त्यांना सांगून टाकले. म्हणालो, काका, तुम्हालाही माझ्याचमुळे झाले. नाक्यावरून मी आणले, सुमनला दिले, तुम्हाला दिले.

ते बराच वेळ धापा टाकत राहिले. मला वाटले, ऐकले नाही. मग म्हणाले, "बाबू, बुखार तुम्हारे नाके से आया, ये किसने कहा? इतना सीधा होता तो चुंगी देके आता." आणि जरा थांबून म्हणाले, "कोट तैयार है. खूँटी पे टँगा है. ले जाना, बाही पक्की सी है."

एके सकाळी हजेरीत त्यांचे नाव आले आणि कुणी हजर म्हणाले नाही. गुरुजींनी पुन्हा एकदा नाव घेतले, हळू. मग वही मिटली. त्या दिवसानंतर त्यांनी हजेरी घेतली नाही. रोज सकाळी एकेकाच्या उशाशी येऊन बसत आणि हात हातात घेत.

*

घरची खबर मंगरू आणत असे. आमच्या गल्लीतून फिरून तो पेज घेऊन शाळेत येई. दारातूनच माझ्याकडे पाहून म्हणे, "सूप हाय, मोहरीरबाबू." म्हणजे सूप अजून दाराला आहे, सुमनला ताप आहे, ती आहे. बापाने आपल्या पोरीचा ताप राहावा म्हणून वाट पाहावी, अशी ती अवस्था होती. कारण सूप दोन कारणांनी निघे. ताप गेला की निघे, आणि माणूस गेले की निघे. दर्जीकाकांच्या दारचे कुणी काढले ते मी विचारले नव्हते.

मग एक दिवस असा आला की सकाळच्या फेरीला नर्सबाई शाळेत आली नाही. गुरुजींना विचारले, त्यांना ठाऊक नव्हते. भोंगा वाजला. मंगरू आला. दारातून काही बोलला नाही. हंडा खाली ठेवला, पेज ढवळली. माझ्याजवळ आला तेव्हा वाटी भरत म्हणाला, "मोहरीरबाबू, आज तुमच्या दारी सूप नाई."

मी वाटी घ्यायला हात पुढे केला नाही. ती त्याने खाली ठेवली.

"म्या गाडी थांबवली," तो सांगू लागला. "म्हटलं, निंब हाय, सूप नाई, हे काय? खिळा रिकामा. हाक मारावं का नाई मारावं, असं झालं. मग मारली. लई वेळानं बाई बाहेर आली, हात ओले. म्या विचारलं, बाई, सूप कुठं गेलं?" मग तो शेजाऱ्याच्या वाटीत पेज वाढू लागला. त्याची ती सवयच होती, मध्ये थांबायची.

"काय म्हणाली?" मी विचारले.

"म्हणे, सूप कामात हाय."

आमच्याकडे जन्मलेल्या बाळाला आधी सुपात ठेवतात, खाली मूठभर तांदूळ पसरून. गुरुजींनी हातातला काढ्याचा पेला खाली ठेवला. टाटपट्टीवरचा एक हमाल "अरे वा" म्हणाला. मला मात्र अजून सुमनचे विचारायचे होते. मंगरूने माझ्याकडे पाहिले, आणि या वेळी तो थांबला नाही.

"म्या बाईच्या भांड्यात पेज ओतली. तर आतून कोनीतरी म्हणलं, दोन वाट्या जास्त दे, मंगरूदादा, भूक लागली. बाई तर माझ्यासमोरच उभी होती."

*

घरी परतलो तेव्हा गिरजाने मला उंबऱ्यावरच अडवले. आधी आंघोळ, मग पोर. दाराला निंब तसाच होता, वाळून कुरकुरीत झालेला. तो तिने मागून हळदीचे पाणी शिंपडून, तिच्या रीतीने सोडला. मी दारातूनच पाहिले. सुपात एक बारकीशी मुलगी होती, वेळेआधी आलेली, मुठी आवळून झोपलेली. तिच्या कानाशी तांदळाचे दाणे चिकटले होते.

आता तिला पाय फुटले आहेत. सुमन तिला घेऊन केशोरीहून आली की ती माझ्या खाकी कोटाची बाही ओढते. ती बाही अजून उसवलेली नाही.

ताप मीच घरात आणला का, हे मला अजून ठरवता आलेले नाही. काकांनी सांगितले तरी नाही. ज्याच्यासाठी मी हे लिहिले, त्यालाही ते ठरवता येणार नाही. त्याने आधी उठून दाराला काहीतरी टांगावे, जे हाताशी असेल ते. त्याचा अर्थ लोकांना कळला नाही, तर बाहेर जाऊन भांडावे. आमच्या गल्लीत गाडी थांबली ती अशीच.